वस्तादांना वंदन, वेतनाचे काय?

अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम या विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या फुटबॉल प्रशिक्षकाला नारळ दिला. जिंबो फिशर हे त्याचे नाव. त्याचा करार २०३१ पर्यंतचा होता. संघ अपेक्षेइतका जिंकत नव्हता, म्हणून त्याला मध्येच काढले आणि उरलेल्या वर्षांपोटी सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर द्यायचे कबूल केले. तेव्हाच्या दराने ही रक्कम सहाशे कोटी रुपयांच्या पुढे जाते. बरे, हा पैसा शिकवण्याबद्दल नव्हता. उद्यापासून शिकवायला येऊ नका, यासाठी होता!

आपल्याकडे एखाद्या जिल्ह्यातील सगळ्या महाविद्यालयांचा खेळांवरचा कित्येक वर्षांचा खर्च एकत्र केला तरी तो या आकड्याच्या जवळपास जाणार नाही. त्यामुळे ही बातमी वाचून आपण 'अमेरिकेचे सगळेच अजब' असे म्हणतो आणि पान उलटतो. मला मात्र त्यातून एक प्रश्न पडला. महाविद्यालयातील मुलांना खेळ शिकवणे ही कुणाची आयुष्यभराची नोकरी असू शकते काय? असेल, तर ती कशी असावी? अमेरिकेने याचे एक उत्तर दिले आहे. ते अतिरेकी असेल, पण उत्तर आहे. आपण प्रश्नच विचारलेला नाही.

हा खेळ आणि हा बाजार

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण कोल्हापूरच्या पेठांत किंवा गोव्यात पाहतो तो फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या आणि शंभर यार्डांचे मैदान. चेंडू बहुतांश वेळ हातातच असतो. तो घेऊन पुढे सरकायचे आणि समोरच्यांनी पकडून पाडायचे. पकड कबड्डीची आणि डोके बुद्धिबळाचे, असा हा प्रकार. दर काही सेकंदांनी खेळ थांबतो, पुढचा डाव ठरतो आणि तो बहुधा बाहेर उभा असलेला प्रशिक्षक ठरवतो. म्हणून या खेळात प्रशिक्षकाला खेळाडूपेक्षा मोठे वलय आहे. पुण्यालाही हा खेळ अगदीच अपरिचित नाही. भारतात या खेळाची 'एलिट फुटबॉल लीग' सुरू झाली तेव्हा २०१२ च्या पहिल्याच हंगामात 'पुणे मराठाज' नावाचा संघ विजेता ठरला होता. लीग पुढे टिकली नाही आणि संघ लोकांच्या आठवणीतही राहिला नाही.

अमेरिकेत हा खेळ महाविद्यालयांच्या मैदानांवर वाढला. एकेका विद्यापीठाच्या मैदानात लाख-लाख माणसे बसतात. दूरचित्रवाणीचे हक्क, तिकिटे आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या देणग्या यांतून पैशाचा पूर येतो. परिणामी तिथल्या बऱ्याच राज्यांत सरकारी तिजोरीशी नाते असलेला सर्वांत जास्त पगाराचा नोकर हा राज्यपाल किंवा न्यायाधीश नसतो, तर विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो.

पण त्या पगारापर्यंत पोचण्याची वाट सोपी नाही. अलाबामा विद्यापीठाचे निक सेबन यांचे उदाहरण घ्या. कोळशाच्या खाणींसाठी ओळखल्या जाणाऱ्या वेस्ट व्हर्जिनियात ते वाढले. १९७३ मध्ये केंट स्टेट विद्यापीठात त्यांनी शिकाऊ साहाय्यक म्हणून सुरुवात केली. मुख्य प्रशिक्षकाची पहिली खुर्ची मिळाली ती १९९० मध्ये, टोलेडो येथे. मधली सतरा वर्षे ते या ना त्या संघात कुणाच्या तरी हाताखाली काम करत होते. पुढे मिशिगन स्टेट आणि लुइझियाना स्टेट ही विद्यापीठे झाली, दोन वर्षे व्यावसायिक संघ झाला आणि २००७ मध्ये ते अलाबामाला आले. जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर सात राष्ट्रीय विजेतेपदे होती आणि वर्षाला १ कोटी डॉलरहून अधिक पगार होता.

यातला पगार आपण बाजूला ठेवू. घेण्यासारखी गोष्ट आहे ती पायऱ्यांची. शिकाऊ, साहाय्यक, एका विभागाचा प्रमुख, मग मुख्य प्रशिक्षक. प्रत्येक पायरीवर नेमणूक आहे, वेतन आहे, कामाचा हिशेब आहे. बावीस वर्षांच्या मुलाने 'मला प्रशिक्षक व्हायचे आहे' असे घरी सांगितले तर त्याच्या आईवडिलांना पुढची वीस वर्षे डोळ्यांसमोर आणता येतात.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्यांच्या जिवावर हा पैसा उभा राहिला त्या मुलांना वर्षानुवर्षे शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नव्हते. २०२१ मध्ये त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना उत्पन्नातील वाटा थेट देऊ लागली. आता खेळाडू वर्षावर्षाला विद्यापीठे बदलतात, प्रशिक्षक करार मोडतात आणि विद्यापीठे प्रशिक्षकांना काढून टाकण्यासाठी कोट्यवधी मोजतात. शिकवणे, घडवणे हे शब्द या व्यवहारात दूर कुठेतरी राहिले आहेत. हे सगळे आपल्याकडे यावे, असे मी मुळीच म्हणणार नाही.

छपन्न वर्षे एकाच अंगणात

मात्र त्याच अमेरिकेत, त्याच खेळात, एक निराळी हकीकत घडली आहे. ती आपल्याकडच्या कुठल्याही तालमीत सांगितली तर वस्ताद मान डोलावतील.

लुइझियाना राज्यात ग्रॅम्बलिंग नावाचे छोटे गाव आहे. तिथे कृष्णवर्णीय मुलांसाठी एक महाविद्यालय होते. १९४१ मध्ये एडी रॉबिन्सन नावाचा बावीस वर्षांचा तरुण तिथे प्रशिक्षक म्हणून लागला. बाप वाट्याने शेती करणारा, आई लोकांच्या घरी काम करणारी. हा स्वतः पदवी घेऊनही धान्याच्या गिरणीत मजुरी करत होता. महाविद्यालयात पगार ठरला महिना ६३ डॉलर ७५ सेंट. मैदानाचे गवत कापणे, खेळाडूंच्या दुखापतींवर पट्ट्या बांधणे, साहित्य दुरुस्त करणे, सगळे त्यानेच करायचे. संघ परगावी निघाला की रस्त्यावरच्या उपाहारगृहांत या मुलांना प्रवेश नसे, कारण ती गोऱ्यांसाठी राखीव असत. मग प्रशिक्षकच त्यांच्यासाठी सँडविच बांधून घेई. पहिल्या वर्षी आठपैकी पाच सामने हरले. दुसऱ्या वर्षी, १९४२ मध्ये, संघ सगळे सामने जिंकला आणि प्रतिस्पर्ध्याला एकही गुण मिळू दिला नाही.

रॉबिन्सन त्या महाविद्यालयात १९९७ पर्यंत, म्हणजे छपन्न वर्षे राहिले. ४०८ सामने जिंकले. त्यांचे दोनशेहून अधिक विद्यार्थी व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. सकाळी वसतिगृहाच्या खोल्यांपुढून गाईच्या गळ्यातली घंटा वाजवत जायचे आणि मुलांना वर्गासाठी उठवायचे, हा त्यांचा नेम. पदवी हातात न घेता बाहेर पडलेला खेळाडू त्यांना स्वतःचे अपयश वाटे. त्यांचा शिष्य डग विल्यम्स याने जानेवारी १९८८ मध्ये सुपर बोलचा सामना जिंकून दिला. त्या सामन्यात संघाची सूत्रे हाती घेऊन विजय मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. रॉबिन्सन निवृत्त झाल्यावर १९९८ मध्ये त्यांच्या जागेवर आला तो हाच विल्यम्स. गुरूची गादी शिष्याने चालवली.

शेवट मात्र गोड नव्हता. अखेरच्या वर्षांत संघ हरू लागला, नियमभंगाच्या चौकश्या लागल्या आणि १९९६ च्या अखेरीस 'आता पुरे' असे महाविद्यालयाच्या मनात आले. लोकांनी आवाज उठवला तेव्हा आणखी एक हंगाम मिळाला. जगभरच्या प्रशिक्षकांच्या नशिबी असते तेच त्यांच्याही वाट्याला आले. जिंकलेले ४०८ सामने एका तागडीत आणि काल हरलेला सामना दुसऱ्या तागडीत.

तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. रॉबिन्सनना छपन्न वर्षे देता आली, कारण एका गरीब महाविद्यालयाने, तुटपुंजा का होईना, त्यांना पगार दिला, पद दिले, मैदान दिले. त्यागाच्याही खाली एक जमीन असावी लागते. ती तिथे होती.

स्वारगेटचा परिसर

आता आपल्या दाराशी येऊ. मी स्वारगेटच्या परिसरात बरीच वर्षे राहतो आहे. इथून अर्ध्या तासाच्या चालीत जितकी मैदाने आणि व्यायामशाळा आहेत तितक्या पुण्याच्या क्वचितच दुसऱ्या भागात असतील. एसटी स्थानकासमोरून निघालात की नेहरू स्टेडियम. सारसबागेशी सणस मैदान. टिळक रस्त्यावर महाराष्ट्रीय मंडळ, जे कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये स्थापन केले. गुलटेकडीला त्याच मंडळाचे चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय, १९७७ पासूनचे, जिथे क्रीडाशिक्षक घडतात. आणि मागे पेठांमध्ये जुन्या तालमी. ज्या लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे जोतीराव फुले दांडपट्टा शिकले, त्यांची परंपराही याच भागातली.

भल्या पहाटे सातारा, फलटण, सासवडकडून येणाऱ्या लाल गाड्यांतून पाठीला किट अडकवलेली मुले उतरतात. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटला भुयारी मेट्रो आली, तशी पिंपरी-चिंचवडची मुलेही येऊ लागली. या मुलांना शिकवणारी माणसे कोण? त्यांच्यातल्या काहींशी माझे बोलणे होते. कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणी शाळेत तासिकेवर असलेला, कुणी सकाळी मैदानावर आणि दुपारी क्रीडासाहित्याच्या दुकानात. 'तुमचा व्यवसाय काय?' असे विचारले तर 'प्रशिक्षक' हा शब्द पहिल्यांदा उच्चारणारे थोडे.

चांगला प्रशिक्षक काय करू शकतो याचा पुरावा याच नेहरू स्टेडियमने एकदा जगाला दाखवला आहे. २९ फेब्रुवारी १९९६. विश्वचषकात पहिल्यांदाच उतरलेला केनियाचा संघ आणि समोर दोनदा विश्वविजेता ठरलेला वेस्ट इंडिज. केनियाचा डाव १६६ धावांत आटोपला, तेव्हा प्रेक्षक घरी जायच्या तयारीत असतील. वेस्ट इंडिजचा संघ ९३ धावांत गारद झाला. ब्रायन लारा ८ धावांवर बाद. नैरोबीत नोकरी-व्यवसाय सांभाळून खेळणाऱ्या त्या हौशी मुलांचे प्रशिक्षक होते आपले हनुमंतसिंग. १९६४ मध्ये दिल्लीत पहिल्याच कसोटीत शतक ठोकणारे. त्या दिवसाचा विषय निघाला की मॉरिस ओडुंबेचे नाव निघते, रिची रिचर्डसनच्या कप्तानपदाचे निघते. हनुमंतसिंगांचे नाव किती जणांना आठवते?

महाविद्यालयाने काय केले होते?

'आपल्याकडे महाविद्यालयांची ती परंपराच नाही' असे कुणी म्हणाले तर ते खरे नाही. खाशाबा जाधवांची गोष्ट आपण शाळेत वाचली आहे, पण ती कुस्तीची गोष्ट म्हणून. ती एका महाविद्यालयाचीही गोष्ट आहे.

गोळेश्वरचे खाशाबा कराडच्या टिळक हायस्कुलातून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. तिथे गोविंद पुरंदरे यांचे मार्गदर्शन मिळाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले आणि सहावे आले. मातीत खेळलेला हा मुलगा तिथे पहिल्यांदा मॅटवर उतरला, आणि त्याला मॅटवरच्या कुस्तीचे नियम समजावणारा माणूस होता रीस गार्डनर नावाचा अमेरिकन प्रशिक्षक. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसा जमेना, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा ब्राँझपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे त्यांनी कुस्त्या करून पैसे मिळवले आणि ते घर सोडवून दिले.

ही कथा ऐकली की आपले डोळे पाणावतात. पाणावावेतही. पण डोळे पुसल्यावर थोडे व्यवहाराने पाहू. प्राचार्याला घर गहाण टाकावे लागले याचा अर्थ काय? खेळासाठीचा पैसा व्यवस्थेत कुठेच नव्हता. तो एका माणसाच्या अंतःकरणात होता. अशी अंतःकरणे प्रत्येक महाविद्यालयाला, प्रत्येक पिढीत मिळतील यावर राज्याचे क्रीडाधोरण चालवता येत नाही. जानेवारीच्या १५ तारखेला, खाशाबांच्या जन्मदिनी, महाराष्ट्र आता राज्य क्रीडादिन साजरा करतो. त्या दिवशी भाषणांत खाशाबा असतात, प्रसंगी खर्डेकरही असतात. पुरंदरे यांच्या जागी आज महाविद्यालयात कोण आहे, हा प्रश्न मी अजून एकाही भाषणात ऐकलेला नाही.

आहे ते एवढेच. अनुदानित महाविद्यालयात बहुधा शारीरिक शिक्षण संचालकाचे एक पद असते. एकच माणूस. त्याने अॅथलेटिक्सपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ निवडायचे, प्रवासाच्या सवलतींचे अर्ज भरायचे, मैदान सांभाळायचे, मूल्यांकन समितीसाठी कागद रंगवायचे. मी ज्या महाविद्यालयात शिकलो तिथल्या अशा सरांच्या हातात शिट्टीपेक्षा परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जास्त वेळ दिसत. ते उत्तम खो-खो शिकवत. पण शिकवण्याबद्दल त्यांना कुणी कधी विचारले नाही आणि गठ्ठे उशिरा पोचले तर मात्र खुलासा मागवला जाई. आज परिस्थिती त्याहून अवघड आहे. अनेक ठिकाणी हे एक पदही रिकामे असते, नाहीतर तासिका तत्त्वावर भरलेले असते. तासिकेवरचा माणूस मार्चमध्ये घरी जातो. खेळाडू मात्र एप्रिल-मेमध्येच घडत असतो!

तालमीची साखळी

महाविद्यालयाने सोडलेली जागा महाराष्ट्रात कुणी भरली असेल, तर ती तालमींनी. हरिश्चंद्र बिराजदार हे लातूर भागातून आलेले पैलवान. १९६९ चे महाराष्ट्र केसरी, पुढे रुस्तुम-ए-हिंद. खेळणे थांबल्यावर त्यांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मुले घडवायला घेतली. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडचा राहुल आवारे लहानपणी त्यांच्याकडे आला. सप्टेंबर २०११ मध्ये बिराजदार गेले तेव्हा राहुल ऐन उमेदीत होता. त्याला पुढे नेले अर्जुन पुरस्कारविजेते पैलवान काका पवार यांनी, त्यांच्या कात्रजजवळच्या संकुलात. २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत ब्राँझ. एका शिष्याच्या पदकांना दोन गुरूंची वर्षे लागली आहेत.

जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली, ती हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके यांच्यात. दोघेही काका पवारांचेच चेले. जिंकलेल्या हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला खांद्यावर घेतले, ते छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिले. ही शिकवण कुठल्या अभ्यासक्रमात लिहिलेली नाही. ती एका छपराखाली राहून, एकाच चुलीवरचे खाऊन येते.

पण ही तालीम चालते कशावर? मुलांनी भरलेल्या खुराकाच्या पैशांवर, गावोगावच्या देणगीदारांवर आणि वस्तादाच्या नावावर. वस्ताद थकला की काय? बिराजदारांना २००६ चा ध्यानचंद पुरस्कार मिळाला, तो खेळाडू म्हणून केलेल्या आयुष्यभराच्या सेवेसाठी. सन्मान मोठाच. पण सन्मान वर्षातून एकदा होतो आणि किराणा दर महिन्याला भरावा लागतो.

क्रिकेटसारख्या पैशाच्या खेळातही गोष्ट वेगळी नव्हती. रमाकांत आचरेकरांनी शिवाजी पार्कवर जे घडवले ते सांगायला नको. त्यांना १९९० मध्ये द्रोणाचार्य आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची नोकरी मात्र स्टेट बँकेतली. म्हणजे तेंडुलकर घडवणाऱ्या माणसाचे घर बँकेने चालवले. त्या काळी बँका, रेल्वे, पोस्ट अशा संस्था खेळाडूंना नोकऱ्या देत आणि त्या नोकऱ्यांच्या सावलीत प्रशिक्षक जगत. ती सावली आता आक्रसली आहे. तिच्या जागी खासगी अकादम्या आल्या. त्यांची फी ज्याला परवडते त्याचा मुलगा शिकतो.

खेळाडूला शिडी, प्रशिक्षकाला काय?

इथे मला आपल्या धोरणातली मुख्य विसंगती दिसते. गेल्या काही दशकांत आपण खेळाडूसाठी शिडी उभी केली, आणि ते योग्यच झाले. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. राहुल आवारे पोलीस उपअधीक्षक झाला. खाशाबा १९५५ मध्ये पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून लागले होते. पुढच्या पैलवानांना त्याहून मोठे पद मिळते, ही प्रगतीच आहे. स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ जिंकले, तेव्हा राज्य सरकारने त्याला लगेच १ कोटी रुपये जाहीर केले.

शिडीला पाय असतात, ते धरून ठेवणारा कुणीतरी खाली उभा असतो. स्वप्नीलच्या मागे दीपाली देशपांडे होत्या, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये स्वतः खेळलेल्या. त्यांना २०२४ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला याचा आनंद आहे. हा पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या तिघांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. म्हणजे चाळीस वर्षे आपण द्रोणाचार्यांना शाल-श्रीफळ देत आलो. पण महाभारतातल्या द्रोणाचार्यांना हस्तिनापुराने आधी आश्रय दिला होता. अश्वत्थाम्याला दूध म्हणून पीठ कालवून पाजण्याची पाळी त्याआधीची! आपण पुरस्काराला त्यांचे नाव दिले आणि हस्तिनापुराचे कर्तव्य तेवढे विसरलो.

याचा परिणाम खेळावर होतोच, तसा प्रामाणिकपणावरही होतो. शिडीच्या वरच्या टोकाला नोकरी आहे आणि खाली शिकवणारा कायमचा माणूस नाही, अशा ठिकाणी प्रमाणपत्रांचा बाजार भरतो. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे महाराष्ट्राने पाहिली आहेत. ज्याने त्या मुलाला पाच वर्षे मैदानावर पाहिले आहे असा सेवेतला प्रशिक्षक जागेवर असता, तर कागद खरा की खोटा हे सांगायला चौकशी समिती लागली नसती.

करता येण्यासारखे

मग करायचे काय? सहाशे कोटींचे करार नकोत. लाखाची स्टेडियमेही नकोत. मला तीन साध्या गोष्टी सुचतात.

पहिली, महाविद्यालयांनी प्रत्येक खेळाचा नाद सोडून एक-दोन खेळ निवडावेत आणि त्या खेळांसाठी पूर्णवेळ, किमान पाच वर्षांच्या कराराचा प्रशिक्षक नेमावा. एका महाविद्यालयाला परवडत नसेल तर शेजारच्या चौघांनी मिळून नेमावा. स्वारगेटभोवतीच्या संस्थांना हे सहज जमेल. मैदाने पायी जाण्याच्या अंतरावर आहेत.

दुसरी, प्रशिक्षकालाही पायऱ्या हव्यात. साहाय्यक, प्रशिक्षक, वरिष्ठ प्रशिक्षक. बढती पदकांवर ठरू नये. किती मुले मैदानावर टिकली, किती शिकून बाहेर पडली, किती जायबंदी झाली यावर ठरावी. बालेवाडीला क्रीडा विद्यापीठ उभारण्याचा कायदा राज्याने २०२० मध्येच केला. तिथून पदव्या घेऊन बाहेर पडणाऱ्यांना नेमणार कुठे, याचे उत्तर आताच तयार हवे.

तिसरी, तालमीतल्या वस्तादाला पदवी नाही म्हणून व्यवस्थेने दार लावू नये. ज्याच्या हाताखालून राष्ट्रीय पातळीचे मल्ल गेले त्याला 'तुमची बी. पी. एड. कुठे आहे?' असे विचारणे म्हणजे भीमसेन जोशींना गायन परीक्षेचे प्रमाणपत्र मागण्यासारखे आहे. अशांना मानद का होईना, पण मानधनाचे पद द्यावे.

आणि आपण पालकांनी? गणिताच्या शिकवणीला हजारो रुपये देताना आपण तक्रार करत नाही. खेळाच्या सरांनी महिन्याची फी शंभर रुपयांनी वाढवली की मात्र 'खेळाचेही पैसे?' असे आपल्या तोंडून निघते. परीक्षा जवळ आली की पहिला बंद होतो तो मैदानाचा क्लास. निकाल हाती आल्यावर पेढे घेऊन आपण शिकवणीच्या सरांकडे जातो. ज्याने त्या पोराला हरूनही दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठायला शिकवले, त्याच्याकडे पेढ्यांचा पुडा पोचत नाही.

ग्रॅम्बलिंगच्या त्या महाविद्यालयाकडे पैसे नव्हते, मोठे मैदान नव्हते, समाजात मान नव्हता. त्याने एका बावीस वर्षांच्या पोराला महिना ६३ डॉलर ७५ सेंटवर नेमले आणि छपन्न वर्षे ठेवले. एवढी ऐपत तर आपल्या कुठल्याही महाविद्यालयाची आज आहे. तेव्हा पुढच्या गुरुपौर्णिमेला मैदानावरच्या सरांच्या पाया पडायला जरूर जा. पण परत फिरण्यापूर्वी त्यांना एवढे विचारा, की सर, तुमची नेमणूक कायम झाली का? आणि उत्तर 'नाही' असे आले, तर पुढचा प्रश्न संस्थेच्या कार्यालयात जाऊन विचारा.